खोटं ठरावं असं भाकीत

साळवेकाका सकाळी कारखान्यात पाऊल ठेवताच विचारायचे, “आज काय बिघडणार?” परदेशात, आंग मो किओ भागातली आमची कंपनी इस्पितळांसाठी श्वासयंत्रं बनवते, काका चाचणी विभागाचे प्रमुख. नगरचे ख्रिस्ती, बायबल तोंडपाठ, चेहरा कायम सुतकी. आम्ही त्यांना अपशकुनी म्हणून चिडवायचो. मग ते योना संदेष्ट्याची गोष्ट काढायचे. चाळीस दिवसांत निनवे शहर बुडणार, असं तो ओरडत फिरला. लोक पस्तावले, देवाने शिक्षा मागे घेतली, तर भाकीत फसलं म्हणून हा पठ्ठ्या रुसून बसला. काकांना त्याचा भारी राग. “अरे, संकट सांगायचं ते टळावं म्हणून.”

यंत्र सलग बहात्तर तास चालवून बघायचा नियम होता. माल पाठवायची घाई चालली होती. मी माझी चाचणी अठ्ठेचाळीस तासांवर थांबवली आणि कागदावर बहात्तर लिहिलं. काका बाकी सगळ्यांकडून चाचणीचा आलेख मागून घेत, त्यावर बोट फिरवत वाचत. माझा मात्र मागितला नाही. “तू आपला माणूस,” म्हणाले आणि सही केली.

यंत्रं शुक्रवारी जाणार होती. खरं सांगितलं तर नोकरी जाणार होती. नोकरी गेली की इथे राहायचा परवाना, म्हणजे पास जातो, पास गेला की देश सुटतो. आणि टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये बायकोला सातवा महिना लागलेला. शेवटी बुधवारी हॉकर सेंटरच्या खाऊगाळ्यांवर जेवताना काकांना सगळं सांगून टाकलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त वाडगा बाजूला सारला.

“तुझी चूक एक. माझ्या दोन. तपासलं नाही, आणि आपला म्हणून तपासलं नाही. चल.”

मी म्हटलं, पास जाईल. “जाईलही,” ते म्हणाले. खोटा धीरसुद्धा देईनात, याचा मला संतापच आला.

मॅनेजरसमोर आधी काकाच बोलले. माल थांबला, चाचणी नव्याने लागली. एकसष्टाव्या तासाला एका यंत्राची झडप अडकली. माल गेला असता तर ते कुणाच्या तरी उशाशी असतं.

सही काकांची होती, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. माझ्याबद्दलचा निर्णय लोंबकळत होता. निघताना ते मॅनेजरला म्हणाले, “याला ठेवा. आता याच्याइतका घाबरून इथे कुणी तपासणार नाही.”

मला ठेवलं. आता काकांचा विभाग मी सांभाळतो, आणि अजून घाबरतो.