डावी बाजू सुरीची, उजवी उजेडाची

“उजेडानं हिरडी कापते म्हणे! मंग मी सुरी काय कांद्याले ठेवू?”

माझे साडू त्यांच्या लेकीवर ओरडत होते. दोघंही दातांचे डॉक्टर, आणि दोघांच्या मधल्या खुर्चीत मी तोंड वासून पडलो होतो.

आदिलाबादेत ज्याच्या हिरडीला साडूंची सुरी लागली नाही, त्याला दातच नसावेत असं मी खुशाल धरून चालतो. गुडीहत्नूरचा एक कापूसवाला तर सगळी चिरफाड आटोपल्यावर विचारत होता, सुरू कधी करता म्हणून. हात राखायची त्यांची रीतही जगावेगळी. रोज सकाळी नवं पातं लावून ते संत्र्याच्या एकेका फोडीची पातळ साल उतरवतात. संत्री नसली तर मोसंबी. आतला एक कण फुटता कामा नये. बशी कोरडी राहिली तरच दवाखाना उघडायचा. संत्र्याच्या फोडीला साल असते हे त्यांच्या लेकीला शाळेत गेल्यावर कळलं.

तीच लेक हिरड्यांचं शिकून परतली ती पेनाएवढं लेझर घेऊन. तिचं म्हणणं साधं होतं. यानं रक्त कमी जातं, वरवरच्या कामाला बहुधा टाके लागत नाहीत. हाडापर्यंतचं खोल काम निघालं तर बाबांची सुरी आहेच. साडूंचं म्हणणं त्याहून साधं होतं, की सुरी हिरडी भाजत नाही. शेवटी माझ्या वाढलेल्या हिरड्यांवर तह झाला: डावी बाजू सुरीची, उजवी उजेडाची. मला कोणी विचारलं नाही. तोंड माझं असलं तरी बोलायला ते मोकळं कुठे होतं?

उजवी बाजू झाली. थोडा करपल्याचा वास, रक्त थेंबभर. मग साडू डावीकडे आले. पातं हिरडीजवळ आलं आणि माझ्या दातावर टिकटिक वाजायला लागलं. बारीक, मनगटावरच्या घड्याळासारखं. बाहेर कुणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतंच. ते मला कळत होतं, आणि पात्याच्या दुसऱ्या टोकाला ज्यांची बोटं होती त्यांना. तेव्हा आठवलं, सकाळी त्यांच्या घरी चहा घेताना बशी ओली दिसली होती. दवाखाना तरीही उघडला होता.

साडूंनी सुरी ट्रेमध्ये ठेवली. “याईले रक्त पातळ व्हाची गोळी सुरू हाय,” ते लेकीला म्हणाले. “सुरीनं लय रक्त जाईन. हे बाजूबी तूच कर.”

अशी गोळी मी जन्मात घेतलेली नाही. माझ्या औषधांचा कागद तिच्या हातातच होता. तिनं तो वाचला, माझ्याकडे पाहिलं. मी वासल्या तोंडानं मान डोलावली. आयुष्यभर इतक्या थापा मारल्या, पण एकही शब्द न बोलता मारलेली ती पहिलीच. तिनं कागद पालथा ठेवला. “बरं, बाबा,” एवढंच म्हणाली.

हिरड्या भरून आल्यावर एका सकाळी त्यांच्याकडे गेलो. साडू खिडकीपाशी बसले होते, हात मांडीवर. समोर बशीत संत्र्याच्या फोडी होत्या, सालीसकट. बशी अगदी कोरडी.

“साडूबुवा,” मी विचारलं, “आज सोलल्या नाहीत काऊन?”

“दात हायेत न तुमाले,” ते म्हणाले. “चावून खा.”