रविनाची लाह

नववीची परीक्षा संपवून रविना पावरा आश्रमशाळेतून घरी आली ती डोक्यात एकच भुंगा घेऊन. नाल्याचा रस्ता! पाडा डोंगरावर, जीप थांबते खाली, आणि मधल्या नाल्याने मागच्या पावसाळ्यात रस्ता असा खाल्ला की बैलसुद्धा बिचकतो. तेव्हा कमलीवहिनीला कळा लागल्या, बांबूला झोळी बांधून तिला न्यावं लागलं. बाळ नाल्यातच झालं आणि नाल्यातच गेलं. आता वहिनीला पुन्हा आठवा लागला होता. "या खेपेला उशीर झाला तर बाईच हाती लागायची नाही," असं नर्सबाईंनी तोंडावर सांगितलेलं. भाऊ राजेंद्र सुरतेकडे कामाला. वहिनी जरा कण्हली की रविना हातचं काम टाकून धावायची.

शाळेत भरत सरांनी सुट्टीचं काम दिलं होतं. आपल्या गावातलं एक काम धरा, लोक जमवा, तडीस न्या. पुढारीपण पुस्तकातून येत नाही म्हणे. रविनाने नाल्याचा रस्ता धरला. सर तळोद्याकडचे, खुशीत आले की अहिराणीत शिरायचे. "पोरी, मन्ही शाळानं नाव काढशी तू!" पोरगी फुगली. पंधराव्या वर्षी कोण फुगत नाही?

पाड्यात मोठं काम निघालं की लाह बोलावतात. घर उभारायचं असो की शेत निंदायचं, घरटी एक माणूस येतं, मजुरी घेत नाही, बोलावणारा जेवू घालतो. रविना दारोदार फिरली. "उद्या नाल्यावर या. शाळेची लाह आहे." आईने, तुळशीबाईने, उडदाची डाळ शिजवली, मक्याच्या भाकरींची चळत रचली.

कोणी आलं नाही. कुत्रंसुद्धा नाही! ऊन डोक्यावर आलं, डाळ गार झाली, रविना एकटीच धोंडे लोटत राहिली. बोटं सोलली तेव्हा रडत रडत पाड्याच्या कारभाऱ्याकडे, आमशाबाबाकडे गेली.

"बाबा, काय चुकलं माझं?"

"शाळा माझं शेत निंदायला येईल का?" म्हाताऱ्याने विचारलं. "लाह फेडावी लागते पोरी. ज्याने बोलावलं त्याने प्रत्येकाच्या शेतात राबायचं. शाळेच्या दारात कोण मागायला जाणार?"

घ्या! डोंगरातली पोर, लाह बघतच मोठी झाली, आणि नेमकं हेच विसरली. सरांच्या शाबासकीने डोक्यात वारं गेलं होतं, दुसरं काय. आणि पाड्यातले लोक तरी काय शहाणे! रस्ता सगळ्यांचा, म्हणजे सरकारचा, म्हणजे कोणाचाच नाही.

"मग बाच्या नावाने बोलावते."

"तुझ्या बाने, उदेसिंगने, गेल्या साली घर बांधलं. तीच लाह अजून फिटली नाही."

वडील तिच्यामागोमाग येऊन शेजारी बसले होते. त्यांनी मान खाली घातली. आता एकच नाव उरलं होतं, आणि ते घ्यायचं म्हणजे काय हे रविनाला पुरतं कळत होतं. पेरणी, निंदणी, सगळी ऐन शाळेच्या दिवसांत. तेही दहावीचं वर्ष.

"माझ्या नावाने बोलवा, बाबा. मी फेडीन."

घरी हे कळलं तशी कमली कळवळली. "नको गं बाई. शाळा सोडू नको. मेले तर मेले मी."

"गप बस वहिनी!" रविना एवढ्या जोराने ओरडली की तुळशीबाई चुलीपुढून उठून आली. मग दोघी नणंद-भावजया गळ्यात पडून रडल्या.

दुसऱ्यांदा मात्र सगळा पाडा उतरला. टिकाव, पहार, फावडं, ज्याला जे मिळालं ते घेऊन. धोंडे हलले, खड्डे भरले, दिवस कलता कलता रस्ता झाला. पाऊस लागल्यावर वहिनीचं पोट दुखू लागलं तेव्हा जीप थेट दाराशी आली. दवाखान्यात पोहोचताच रक्त जायला लागलं, पण डॉक्टर जवळ होते. वहिनी वाचली. मुलगी झाली.

लाह फेडायला पेरणीत राबता राबता रविनाची शाळा उघडून गेली. भरत सरांचा निरोप आला, शाळेत तिचा सत्कार करायचा आहे, लवकर ये. काय सांगणार त्यांना? ती पाड्यातल्या भिलाच्या मक्यात निंदायला बसली होती, तेवढ्यात दोन दिवसांच्या सुट्टीला आलेल्या मैत्रिणींना परत शाळेला घेऊन जीप नव्या रस्त्याने खाली निघाली.

"रविना, चल ना गं!" पोरींनी हाका मारल्या.

"व्हा पुढे, येतेच मी!" ती उठून ओरडली, आणि घाईघाईने पुन्हा खाली बसली. भिलाचं अर्धं शेत बाकी होतं. त्यापुढे आमशाबाबाचं, त्यापुढे सगळ्या पाड्याचं. जीप वळणाआड गेली तरी तिने मान वर केली नाही. डोळ्यांपुढे सगळं हिरवं पाणी झालं होतं, हात चालूच होते.

"ए पोरी!" भिला बांधावरून ओरडला. "गवत सोडून मका उपटतेस!"

रविनाने मुठीतली रोपं पाहिली, आणि एकेक करून ती परत चिखलात खोचू लागली.