हळदीच्या वाती

काळ्या पुठ्ठ्याचं एक जाड पुस्तक, आणि त्याच्या पानांतून बाहेर डोकावणारी पिवळ्या वातींची टोकं... कारंजा गावातलं बालपण आठवलं की आधी हेच डोळ्यांपुढे येतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झालेली, हिवाळ्यातली दुपार, गावभर सरकीचा तेलकट वास, आणि आमच्या ओसरीवर समोरासमोर बसलेले दोघे – शाळामास्तर असलेले माझे अण्णा आणि दवाखान्यातले ख्रिस्ती कंपाउंडरकाका. दर रविवारी प्रार्थना आटोपून काका यायचे आणि येशू हा देव की थोर माणूस, यावर दोघांचं जुंपायचं. अण्णांची अट एकच – पुरावा हवा तो त्या काळ्या पुस्तकातून, काकांच्या पवित्र शास्त्रातूनच.

पुरावा शोधून द्यायची काकांची लेक करुणा. माझ्याच वयाची, दहा वर्षांची. खुणेसाठी तिने हळदीत बुडवलेल्या वाती पानापानांत घातलेल्या. काकांच्या तोंडून शब्द निघायचा अवकाश, की हिची बोटं नेमक्या पानावर. आणि मग अण्णा – जे माझ्याशी ‘पाणी आण’ यापलीकडे फारसं बोलत नसत – मान डोलावून म्हणायचे, "वा पोरी! तुले तर सारं ठाऊक हाये." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वडील माझे, ओसरी माझी, आणि कौतुक मात्र हिचं!

अण्णांचा मुद्दा ठरलेला. "बाप माह्याहून मोठा हाये, असं तोच सांगते ना? मंग तो देव कसा?"

काका बशी खाली ठेवत. "मास्तर, बाप अन् मी येकच, हेबी तोच सांगते. त्याचं काय करता?"

एका रविवारी करुणाने नदीकाठचा प्रसंग वाचला. येशू स्नान करून वर येतो आणि आकाशातून त्याच्या बापाचा, म्हणजे देवाचा, आवाज होतो – हा माझा लाडका लेक, मी याच्यावर खूश आहे. अण्णा हसले. "आपल्या लेकराले लाडकं कोणता बाप नाही म्हणत? तेवढ्यानं लेकरू देव होते काय?" मी दाराआड उभी होते. कोणता बाप नाही म्हणत... मला ते असं झोंबलं, की त्या दिवशी मी धड जेवलेही नाही.

पुढच्या रविवारी मोठी माणसं अंगणात बोलत उभी होती, करुणा परसात बोरं वेचत होती, शास्त्र ओसरीवर एकटंच. मी एकेक करून साऱ्या वाती उपसल्या आणि देवघरातल्या आईच्या वातींच्या डब्यात टाकल्या. वातींत वाती खपून जातील, एवढीच माझी अक्कल. हळदीचा रंग ध्यानातच आला नाही.

करुणा पानं उलटत राहिली – पुढे, मागे, पुन्हा पुढे. "बाबा, सापडूनच नाही राह्यलं," म्हणत तिने शास्त्र काकांपुढे सरकवलं. त्या दिवशी अण्णा जिंकले. खरं सांगते, मला आनंद झाला. चोरून खाल्लेल्या गुळासारखा तो मी घोळवत बसले.

संध्याकाळी आईने निरांजन लावलं. आमच्या देवापुढे पिवळी वात जळताना अण्णांनी पाहिली. त्यांनी डबा उघडला, मग माझ्याकडे बघितलं. ओरडले नाहीत.

"तुले वाचता येते ना? मंग वाचून हरवाचं होतं तिले. मी तुलेबी ओसरीवर बसवलं असतं."

उरलेल्या वाती ते स्वतः काकांकडे देऊन आले. होळीच्या आधीच काकांची मेडशीकडे बदली झाली आणि वाद तिथेच थांबला. मला ओसरीवर कुणी बोलावलं नाही. मीही दाराआडून पुढे झाले नाही.

अण्णा जाऊन आता खूप वर्षं झाली. माझ्याकडे तसंच एक शास्त्र आहे, हळदीच्या वाती मी माझ्या हातांनी घातलेल्या. दोन्हीकडची वचनं वाचते – अण्णांचं पटतं, काकांचंही पटतं. तो देव होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण नदीकाठच्या पानावरची वात बाजूला सारली, की वाद मागे पडतो. चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात एक बाप आपल्या लेकराला लाडकं म्हणतो... आणि ऐंशीला टेकलेल्या मला त्या लेकराचा हेवा वाटतो.