समजा, बॉल आपल्याकडे आला

माझा पुतण्या भारताकडून रग्बी खेळणार हे कळलं तेव्हा जाऊबाईंनी त्याला फोनवर पहिला प्रश्न विचारला, "तथी पडलं तर लागते काय रे?"

"आई, पडायचाच खेळ हाये तो," तो हसत म्हणाला.

त्यानं असं बोलायला नको होतं. पुढचे कितीतरी दिवस जाऊबाई त्या खेळाला नावानं न म्हणता 'ते रगडारगडी' म्हणत राहिल्या.

पोरगा आमच्या गावात, अमडापुरात, कबड्डी खेळत वाढला. शिकायला पुण्याला गेला, तिथं कुणा प्रशिक्षकानं त्याला पळताना पाहिलं आणि त्याच्या हातात तो लांबोळका बॉल दिला. काही वर्षांतच त्याची देशाच्या संघात निवड झाली. शेजारच्या देशांचे पुरुष संघ स्पर्धेसाठी श्रीलंकेत जमणार होते. सात-सात खेळाडूंचा खेळ आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. चौदा मिनिटांत सगळा निकाल. गावातल्या पोरांनी ठरवलं, शेवटच्या दिवसाचे सामने सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवायचे.

अडचण एकच होती. इंटरनेटवर सामना दिसायचा, पण त्यातले समालोचक इंग्रजीत इतकं भरभर बोलायचे की कुणाच्या काही पदरात पडत नव्हतं. मग सगळे माझ्याकडे आले. मी इथल्या शाळेत शिकवते. झेंडावंदन असो, स्नेहसंमेलन असो, कबड्डीचे सामने असोत, माईक माझ्याच हातात असतो. आमच्याकडे लग्नाकार्यात मांडव आणि साऊंड लावणारे एक चाचा आहेत. ते प्रोजेक्टर आणि दोन मोठे भोंगे घेऊन तयारच होते.

"पोट्टं गावचं हाये, मॅडम," ते म्हणाले. "मशीन माझी, आवाज तुमचा."

मला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी पुतण्याला रोज संध्याकाळी फोन करून शिकू लागले. तो सांगायचा, "काकू, दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. पळायचं पुढं, अन् फेकायचा मागं. अन् रेषेपल्याड गेल्यावर बॉल जमिनीले टेकवायचा, तवाच पाच गुण."

हे जाऊबाईंना समजावून सांगताना मी स्वयंपाकघरातली पपई घेतली, ओट्यापासून दारापर्यंत पळत गेले आणि पपई मागे त्यांच्याकडे फेकली. त्यांनी ती अलगद झेलली, पण पटलं काही नाही.

"पुढं मानूस मोकळा उभा हाये, अन् मांगं काऊन फेकते वो?"

"नियमच तसा आहे, ताई."

"मंग नियम करनाऱ्याले कोनं तरी सांगाले पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या आणि पपई चिरायला घेतली.

शनिवारचे सामने आम्ही घरात मोबाईलवरच पाहिले. एक हरून आणि बाकीचे जिंकून आपला संघ उपांत्य फेरीत पोचला. रविवारी गाठ खुद्द यजमान श्रीलंकेशी.

सोयाबीन घरात येऊन पडलं होतं, त्यामुळे माणसं जरा मोकळी होती. सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नाही. पडदा नीट दिसावा म्हणून पोरांनी खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या होत्या. जाऊबाई बायकांमध्ये अगदी पुढे बसल्या, पण मुलाच्या हातात बॉल आला की पदर डोळ्यांवर. मग शेजारणीला कोपर मारून विचारायच्या, "उठला काय?" शेजारीण म्हणायची, "उठला, उठला," की पदर खाली.

पहिला डाव बरा गेला असं मी म्हणेन. लंकेच्या पोरांनी दोनदा बॉल टेकवला आणि दोन्ही वेळा त्यावरच्या लाथेचे जादा दोन-दोन गुणही मिळवले. चौदा. आपले सात. मी घसा ताणून सांगत होते, लोकही हळूहळू रंगात येत होते. बॉल मागे गेला की आधी 'अरेरे' करणारे लोक आता 'बराबर, बराबर' म्हणू लागले होते.

दुसरा डाव सुरू झाला. आपल्या एका खेळाडूनं बॉल उचलला, दोन पावलं टाकली, आणि तिथंच तो एक पाय हवेत ठेवून थांबला. पडद्याच्या मध्ये पांढरं चक्र फिरू लागलं.

चाचांनी वायर हलवली. एका पोरानं आपला मोबाईल जोडून पाहिला. चक्र फिरतच राहिलं. मागून कुणी शिट्टी मारली, दोन-चार जण उठले.

चाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, आवाज बंद मत करो. पब्लिक उठून जाईन."

"अहो, दिसतच नाही तर सांगू काय?"

"कायबी सांगा. पन चालू ठेवा."

मी माईक हातात घेऊन उभी राहिले. समोर सगळं गाव. वर्गात गणित अडलं की मी पोरांना म्हणते, समजा असं धरू. तेच माझ्या तोंडून निघालं.

"चित्र थांबलंय, मंडळी. तोपर्यंत आपण समजू. समजा, बॉल आपल्याकडेच आहे."

सभागृहात हशा पिकला. उठलेले खाली बसले.

"समजा, आपल्या पोरानं बॉल डावीकडे मागे फेकला. तिथं कोण आहे?"

"आपलंच पोट्टं!" सगळे एकदम ओरडले.

"ठीक आहे. आपला पोरगा पळाला. समोर लंकेचा एक धिप्पाड गडी..."

"ए बाई!" जाऊबाई उभ्याच राहिल्या. "सगळी म्याच तुह्याच हातात हाये ना आता? मंग माह्या पोराले पाडू नको!"

"ताई, कुणीच पडलं नाही तर रग्बी कसली?"

"दुसऱ्या कोनाले पाड. त्याची माय काई अमडापुरात नाई बसेल!"

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. मी आपल्या संघातल्या दुसऱ्याच एका बिचाऱ्याला पाडलं, बॉल पुतण्याकडे दिला आणि त्याला कोपऱ्यातून पळवत रेषेपल्याड नेलं. पाच गुण. लोकांनी भोंग्याच्या वर आवाज काढला. त्यावरच्या लाथेसाठी मात्र मी अडून बसले. मास्तरीण आहे, फुकट गुण देण्याची सवय नाही.

"लाथ अवघड कोनातून आहे," मी म्हणाले.

"द्या ना वो मॅडम, दोनच तर हायेत!" मागून एक म्हातारबुवा कळवळून ओरडले.

दिले. चौदा-चौदा. आता सगळ्यांना जिंकायचं होतं. समोर बसलेले मला रस्ता सांगू लागले, इकडून न्या, तिकडून वळवा, त्या जाड्याला चकवा द्या. पुतण्या पुन्हा पळत होता, रेषा आली होती, मी त्याला वाकवणार इतक्यात पडदा हलला.

दोन्ही संघ रांगेत उभे राहून हात मिळवत होते. सामना संपला होता.

गुण कुठं दिसेनात. मी कान देऊन इंग्रजी ऐकलं. आपल्या संघानं एकदा बॉल टेकवला होता, पण लाथ चुकली होती. बारा-चौदा. दोन गुणांनी हरलो. ते मला माईकवरून सांगावं लागलं.

मग ते म्हातारबुवा म्हणाले, "आमच्या अथी तर म्याच बराबरीत होती ना बे!"

पुन्हा हशा झाला, आणि कुणी घरी गेलं नाही. चाचांनी कुठून तरी चहाची किटली मागवली.

तिसऱ्या नंबरासाठी नेपाळशी सामना होता. चाचांनी दुसऱ्याच एका घरचं इंटरनेट जोडलं होतं, त्यामुळे चित्र एकदाही अडकलं नाही. गंमत म्हणजे आता बोलायला सगळं समोर होतं आणि मला शब्द सुचेना. पुतण्याच्या हातात बॉल आला, तो बाहेरच्या रेषेला चिकटून पळत सुटला, दोघांनी त्याच्यावर झेप घेतली, आणि मी माईक खाली धरून नुसती बघत राहिले. तो त्या दोघांना अंगावर घेऊन घसरत गेला आणि बॉल टेकवला. माझ्या हातातला माईक चाचांनी कधी घेतला कळलं नाही. भोंग्यातून एकच ऐकू आलं, "मार दिया रे पोट्ट्यानं!"

मी वळून पाहिलं. जाऊबाई खुर्चीवर चढून उभ्या होत्या, पदर खांद्यावर, आणि दोन्ही हात वर. बायका त्यांना खालून धरून होत्या.

आम्ही तो सामना जिंकलो.

पोरगा गावी आला तेव्हा गळ्यात पदक होतं, पण त्याच्या आईनं ते पाहिलंच नाही. अंगणात सगळ्यांसमोर त्याला शर्ट काढायला लावला. खांद्यावर हिरवेनिळे वळ, कोपर सोललेलं.

"हे कोनं केलं?"

त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. लंकेचा एक धिप्पाड खेळाडू आणि हा, दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, तोंडभर हसत. रात्री सगळे संघ एकत्र जेवले होते म्हणे, आणि यानंच आमच्या पोराला आग्रहानं दोनदा भात वाढला होता.

जाऊबाईंनी फोटो दूर धरून पाहिला, जवळ आणून पाहिला. "चांगल्या घरचा दिसून राह्यला," त्या म्हणाल्या. "त्याले लिही, अमडापूरले ये म्हना. पुरनाचे मांडे करतो."

पुतण्या इंग्रजीत लिहू लागला. जाऊबाई शेजारी बसून सांगत होत्या. "आईले घेऊन ये म्हना. थंडीत ये म्हना, उन्हाळ्यात नको. अन् लिही, पुढच्या बारीले जरा हळू पाड म्हना."

थोड्याच वेळात उत्तर आलं. नक्की येतो, पण मांडे म्हणजे काय, असं त्यानं विचारलं होतं. ते इंग्रजीत समजावण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि मातीच्या उलट्या खापरावर पुरणाची पातळ पोळी हातावर पसरवून कशी टाकतात हे लिहिता लिहिता आमची सगळी दुपार गेली.