मांसाहारी झाडाला आमच्या घरचं वळण

आमच्या घरात सगळे शाकाहारी आहेत. मध्यंतरी एक मांसाहारी पाहुणा राहायला आला होता, पण आम्ही त्यालाही वळण लावलं.

हा पाहुणा म्हणजे एक रोप. बटरवर्ट त्याचं नाव. बशीएवढं, मातीलगत पसरलेलं, आणि फिकट हिरव्या पानांवर कुणी लोणी चोपडल्यासारखी चकाकी. चिलटं त्या पानांवर बसली की चिकटतात आणि रोप त्यांना सावकाश पचवतं. (तोंड नाही, दात नाहीत, तरी जेवण चालू. मला आमच्या थोरल्या मामांची आठवण झाली.)

रोप आमच्या विभागप्रमुख बाजवा मॅडमचं होतं. परभणीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघालेला, घराण्यातला पहिला पदवीधर मी जेव्हा चंदीगडच्या सेक्टर ३९ मधल्या संस्थेत नोकरीला लागलो, तेव्हा दोन वाक्यं इंग्रजीत बोलायची म्हटली तरी मला घाम फुटायचा. माझा पहिला अहवाल मॅडमनी मला शेजारी बसवून, चहा पाजून, ओळ न ओळ दुरुस्त करून दिला होता. त्यामुळे मॅडमसाठी मी काहीही करायला तयार असतो. दुर्दैवाने या वेळी मी काहीच करू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

थंडी ओसरता ओसरता मॅडम लेकीकडे कॅनडाला निघाल्या. कित्येक वर्षं सांभाळलेल्या त्या रोपाला नेमकी तेव्हाच पहिली कळी आली होती. मोहालीच्या बंद फ्लॅटमध्ये ते ठेवणार कुठे? विभागात त्यांनी विचारलं, आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, ‘‘मैं किसान का बेटा हूँ, मॅडम.’’

मॅडमनी कुंडी माझ्या हातात दिली. ‘‘देख पुत्तर, खाली थाळी में डिस्टिल्ड वॉटर. बाकी कुछ नहीं करना. खाद नहीं, दवाई नहीं. बस मेरे आने तक ये फूल खिल जाए.’’

मी कुंडी बाळंतिणीसारखी रिक्षातून घरी आणली. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. आणि त्याच आठवड्यात गावाहून आई आली.

माझ्या आईचं सगळं आयुष्य कापसात गेलंय. पानावर चिकट काही दिसलं आणि त्यावर बारीक किडे दिसले, तर तिच्या लेखी त्या रोगाला एकच नाव आहे. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा रोप टॉवेलने पुसलेल्या बाळासारखं स्वच्छ दिसत होतं.

‘‘चिकटा पडला होता रे,’’ आई म्हणाली. ‘‘पान न् पान पुसून काढलं. कामून लक्ष दिलं नाहीस? किसानाचं लेकरू ना तू?’’

मी तिला समजावलं की तो रोग नाही, ते त्याचं ताट आहे, आणि तिने ताट घासून ठेवलंय. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीला लागून असलेल्या देवघराकडे. हे किडे खातं, आणि ते देवाच्या शेजारी? कुंडी तडक बाल्कनीत गेली. माझी मुलगी ईशा, जिला मराठी सगळं कळतं पण जी बोलते हिंदीच, तिने भर घातली, ‘‘आजी, अब ये भूखा मरेगा.’’

भुकेलं म्हटल्यावर आईचं मन विरघळलं. दुसऱ्या दिवशी ती रोपाला कापसाच्या बोळ्याने दुधाचा एकेक थेंब पाजताना सापडली. किडे नको खाऊ म्हणावं, दूध पी.

मी ठरवलं, आता शास्त्रीय उपाय. चिलटं हवीत ना? कुंडीशेजारी सोललेली केळी ठेवली. चिलटं आली. खूप आली. पण ती रोपावर बसेनात; पानं गुळगुळीत, आणि केळी गोड. मग ती घरात शिरली. आमच्या वर राहणाऱ्या विंग कमांडरांच्या पत्नी, पुण्याच्या, चहाला आल्या, तर त्यांच्या कपात तीन चिलटं आधीच पोहत होती. पाहुण्या गेल्यावर माझी बायको अर्चना शांतपणे म्हणाली, ‘‘झाड राहील, केळी राहतील, नाहीतर मी राहीन.’’ आणि तिने डास पळवणारं मशीन लावलं. चिलटं गेली. मी पुन्हा शून्यावर.

तेवढ्यात मॅडमचा व्हिडिओ कॉल. मी कॅमेरा फक्त कळीवर धरला. पानं दाखव म्हणाल्या, तर मी नेटवर्कला दोष देऊन फोन ठेवला.

पण रोप माझ्यापेक्षा समजूतदार निघालं. मधून नवी पानं फुटली, त्यांच्यावर पुन्हा चकाकी आली, कळीचा दांडा लांब झाला. आता धोका नको म्हणून मी आईला समोर बसवून बजावलं. पानांना हात लावायचा नाही. मातीत काही घालायचं नाही. नळाचं पाणी नाही, दूध नाही, राख नाही, निंबोळी अर्क तर नाहीच. आईने प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. माझ्या आईने दिलेला शब्द कधी मोडलेला नाही.

मॅडम ज्या सकाळी यायच्या होत्या, त्याच सकाळी फूल उमललं. जांभळं, नाजूक, उंच दांड्यावर डुलणारं. मी फोटो काढला, अंघोळीला गेलो आणि गाणं म्हणत बाहेर आलो. बेल वाजली. मॅडम विमानतळावरून थेट आल्या होत्या, बॅगांसकट.

बाल्कनीत नुसता दांडा उभा होता.

‘‘फूल?’’ मॅडमनी विचारलं.

आई ओल्या केसांनी देवघरातून आली. ‘‘देवाला वाहिलं,’’ ती प्रसन्न चेहऱ्याने म्हणाली. ‘‘पानाला हातसुद्धा लावला नाही हां.’’

खरं होतं. माझ्या यादीत फुलाचं नाव नव्हतंच. सकाळी घरात फूल उमलावं आणि ते देवाला जाऊ नये, असं आमच्या घरात कधी घडलंच नाही, तर मला सुचणार कसं?

आईने मॅडमना हाताला धरून देवघरापुढे नेलं. बाळकृष्णाच्या डोक्यावर ते जांभळं फूल मुकुटासारखं बसलं होतं. मॅडमनी दुपट्टा डोक्यावर ओढला आणि हात जोडले. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझी नोकरी, माझ्या उपकारकर्त्या आणि माझा देव एकाच खोलीत होते आणि कुणाची माफी आधी मागावी हे कळत नव्हतं.

मग मॅडमनी बाल्कनीतली कुंडी उचलून निरखली. मधोमध अजून दोन कळ्या डोकावत होत्या.

‘‘माताजी, इसको क्या खिलाया?’’

‘‘दूध,’’ आईने सांगितलं.

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

आता त्या कॅनडाला निघाल्या की आधी आईला फोन करतात, गावाहून येणार का म्हणून. आई येणार असेल तरच बटरवर्ट आमच्याकडे येतं. आणि किसानाच्या या मुलाला? मला मॅडमनी त्यांच्या टेबलावरचा प्लास्टिकचा मनीप्लांट सांभाळायला दिला आहे.

परवा त्याचं एक पान गळलं.