वहीची मागची पानं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि ह्यांना तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी ताट वाढायच्या आधी सांगून मोकळी होते. माझ्या पोटात काही राहत नाही, असं सगळे म्हणतात. हे मात्र राहिलं.

रोह्यात माझं नाव एका गोष्टीसाठी घेतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर, केस पांढरे झालेले असताना, सुनेशी बोलता यावं म्हणून जर्मन शिकलेली सासू! आठवड्यातून दोनदा एसटीने नागोठण्यावरून पेणला क्लासला जायची, हातात वही, पिशवीत पाण्याची बाटली. अष्टमीच्या पुलाजवळ मासळी घेऊन बसणारी चंद्री तर गिऱ्हाइकांना मला दाखवून सांगायची, "ही बाय सुनंसाठी परदेशी भाषा शिकतेय. अशी सासू शोधून गावायची नाय." मी हसायचे. एकदाही "अगं, तसं नाय" म्हटलं नाही. कौतुक कुणाला नको असतं?

पण तसं नव्हतं. खरं कारण सांगते.

लग्नानंतर पहिल्यांदा माझा मुलगा निखिल त्याच्या जर्मन बायकोला, लेनाला, घेऊन घरी आला, तेव्हा जेवताना ती दोघं मधूनच जर्मनमध्ये काहीतरी बोलायची आणि हसायची. माझ्या घरात, माझ्या हातचं वालाचं बिरडं जेवत. मला वाटलं, माझ्यावरच हसतायत. माझ्या इंग्रजीवर, माझ्या पंख्याच्या आवाजावर, कशावर तरी. तीस वर्षं वर्गात मागच्या बाकावरची कुजबूज पकडलेली बाई मी — आता स्वतःच्या ताटासमोर बसून ऐकून घेऊ? ती दोघं जर्मनीला परत गेली आणि पुढच्याच महिन्यात मी क्लासला नाव घातलं. प्रेमापोटी नाही. पाळत ठेवायला.

आमचा क्लास एका गणपतीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. रंगाचा वास वर यायचा, खाली मूर्ती वाळत ठेवलेल्या असायच्या. बाकी सगळ्या मुली नर्सिंग झालेल्या, जर्मनीला नोकरीला जायच्या तयारीतल्या, आणि त्यांच्यात मी. व्याकरण मला पटापट यायचं. अडलं ते पत्रांपाशी. परीक्षेत घरगुती लिखाण असतं — मैत्रिणीला पत्र, वाढदिवसाचं आमंत्रण, सहलीवरून पोस्टकार्ड, डायरीचं एखादं पान. मी आयुष्यभर पोरांना पत्रलेखन शिकवलेलं. मायना, विषय, आपली विश्वासू. त्यामुळे माझं मैत्रिणीचं पत्र अर्जासारखं व्हायचं. सर एकदा म्हणाले, "बाई, मैत्रिणीला लिहा हो. तहसीलदारांना नको." मुली किती हसल्या! मीही हसले. मग सर म्हणाले, पुस्तकातल्या मोनिकाला आपली खरीखुरी मैत्रीण समजा, आणि मनात येईल ते लिहा.

मनात येईल ते — तिथेच घात झाला. मैत्रिणीला माणूस काय सांगतं? कुणाची तरी गाऱ्हाणीच ना?

मी वहीला दोन तोंडं केली. पुढची पानं सरांसाठी. त्यात आमच्या शेजाऱ्यांचं लग्न, धरमतरची खाडी, आवडता सण. सर लाल शाईने खुणा करायचे. आणि वही उलटी धरून, मागच्या बाजूने, मोनिकासाठी. तिथे हात कसा सुटला म्हणून सांगू! प्रिय मोनिका, माझी सून भात काट्याने खाते. प्रिय मोनिका, मुलगा फोनवर पाच मिनिटं बोलतो, त्यातली दोन तिच्याबद्दल. प्रिय मोनिका, तिने त्याला माझ्यापासून तोडलं. घरात कुणाला ती भाषा येत नव्हती, त्यामुळे लपवायचंही कारण नव्हतं. टीव्हीखालच्या कप्प्यात, जुन्या वर्तमानपत्रांवर ती वही उघड्यावर पडलेली असायची. ह्यांनी कितीदा तरी तिच्यावर चष्मा ठेवला असेल.

इथपर्यंत तुम्हाला वाटेल, एवढंच ना? म्हातारीची कुरकुर. थांबा.

पुढच्या वर्षी लेनाला दिवस गेले, आणि चौथ्या महिन्यात ते मूल गेलं. निखिलने फोन केला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "काळजी घ्या रे दोघं." तिला फोन दे म्हटलं नाही. फोन ठेवला, ह्यांना सांगितलं, ह्यांनी देवापाशी जाऊन नुसतेच हात जोडले. आणि मी? मी दुपारी वही घेऊन बसले. क्लासचा त्या आठवड्याचा विषय होता, घरातल्या एखाद्या घटनेबद्दल मैत्रिणीला कळवा. सरांसाठी मी पुतण्याच्या नव्या दुकानाचं लिहिलं. मग वही उलटी केली आणि लिहिलं — प्रिय मोनिका, लेनाचं मूल राहिलं नाही. झालं ते चांगलंच झालं. मूल झालं असतं तर माझा मुलगा कायमचा तिकडचा झाला असता.

लिहिलं मी हे. रागाच्या भरात नाही, डिक्शनरीत शब्द शोधून शोधून.

त्याच वर्षी डिसेंबरात ती दोघं आली. लेना वाळली होती. निखिल आणि हे दुपारी पोपटीसाठी मडकं आणि त्यात भाजायच्या शेंगा आणायला गेले. मी मागच्या पडवीत भिजवलेले वाल सोलत होते. लेना काहीतरी वाचायला शोधत असणार. घरात सगळं मराठी, आणि त्यात तिच्या भाषेतली एक वही. ती वही घेऊन माझ्यापाशी आली. पान कुठलं उघडं होतं ते मी लांबूनच ओळखलं.

ती माझ्याशी नेहमी सावकाश, सोप्या जर्मनमध्ये बोलायची, मला कळावं म्हणून. तशीच सावकाश तिने विचारलं, "आई, ही मी आहे का?"

नाव लिहिलेलं होतं हो त्यात. लेना, असं स्पष्ट. आणि मी म्हटलं — नाही. हा गृहपाठ आहे. विषय पुस्तकातला आहे, नाव सहज सुचलं ते घातलं.

पुढच्या पानांवर सरांच्या लाल खुणा होत्या, मागच्या पानांवर एकही नव्हती. वही तिच्याच हातात होती. तिला काय कळायचं राहिलं असेल? मग ती आमच्याकडून उचललेला शब्द म्हणाली, "बरं." आणि पेन्सिल मागितली.

माझ्यासमोर पाट घेऊन बसली आणि मागचं पहिलं पान काढून माझ्या चुका दुरुस्त करायला लागली. गृहपाठ म्हटलं होतं ना मी? मग गृहपाठासारखाच तपासला तिने. भात काट्याने खाते, ते. मुलाला तोडलं, ते. दोन दुपारी, निखिल घरात नसताना, ती त्यावर बसली होती. मी वाल सोलत होते, आणि साल कुठलं, डाळ कुठली, मला दिसत नव्हतं. मग ते पान आलं. त्या वाक्यातही माझी एक चूक होती, एक शब्द भलत्या जागी पडलेला. तिने बारीक बाण काढून तो शब्द जागेवर नेला. त्या पानावर ती बाकीच्या पानांपेक्षा जास्त वेळ थांबली नाही.

शेवटी वही परत देताना एकच शेरा तिने तोंडी सांगितला. म्हणाली, आई, तुझं व्याकरण चांगलं आहे. पण तू मोनिकाला एकदाही विचारलं नाहीस, ती कशी आहे. मैत्रिणीला लिहिताना आधी ते विचारतात.

मी सगळी पानं नंतर पुन्हा चाळली. खरंच होतं. एवढी पत्रं, आणि कुणालाच काही विचारलेलं नाही.

ती परत गेली त्याच्या पुढच्या रविवारी मी लेनाला पहिलं पत्र लिहिलं. "तू कशी आहेस?" एवढं लिहून तासभर बसले, मग पुढचं सुचलं. तिचं उत्तर आलं — चार पानी. त्यात तिने त्या मुलाबद्दल सगळं लिहिलं होतं, नाव काय ठेवणार होते तेसुद्धा. मला! जिने ते वाक्य लिहिलं तिला! तेव्हापासून दर रविवारी पत्र जातं आणि माझ्या चुका पेन्सिलीने दुरुस्त होऊन, उत्तरासोबत परत येतात. परीक्षेत पत्राचा भाग मी चांगल्या मार्कांनी पास झाले. सरांनी पेढे वाटायला लावले, चंद्रीने सुरमईचा मोठा तुकडा तसाच दिला. पण मला लिहायला सरांनी शिकवलं नाही, लेनाने शिकवलं. ह्या वयात मला एक मैत्रीण मिळाली आणि ती माझी सून आहे, हे भाग्य मी रोज आठवते. निखिलला त्या वहीबद्दल तिने आजतागायत अवाक्षर सांगितलेलं नाही. त्यांना पुढे मूल झालं नाही.

तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही. इतकी पत्रं लिहिली, सगळं लिहिलं, तेवढं सोडून. आणि हे कबूल करतेय तेही बघा, मराठीत — तिला वाचता येत नाही त्या भाषेत. म्हणजे अजून मी वही उलटीच धरलेली आहे.

वही कप्प्यातच आहे. पेन्सिलीचा बाण आता पुसट झालाय, माझी शाई मात्र तशीच आहे. तो विषय पुस्तकात नव्हता, लेना. तो माझा होता.