कपटीने पुरं करायला लावलेलं वाक्य

तुमचे कान कधी कोणी भरलेत का? नाही म्हणायची घाई करू नका. भरणारा हुशार असला तर पत्ताही लागत नाही.

आमच्या लाँड्रीत चादरींच्या गरम रोलरवर काम करणाऱ्या एका माणसाला सगळे कपटी म्हणतात. बायकोसुद्धा. "अहो कपटी, येताना दूध आणा," असं ती फाटकातून ओरडते. कामगारांच्या नाटकात तो कित्येक वर्षं एकच भूमिका करतोय: सेनापतीचे कान भरून त्याच्याच हातून त्याच्या सख्ख्या भावाचा जीव घेणारा कारभारी. गंमत म्हणजे हा कारभारी नाटकभर एकही खोटं बोलत नाही. "तुमचा भाऊ काल वेशीवर..." एवढं बोलून थांबतो, मान हलवतो, आणि "जाऊ द्या, माझीच नजर चुकली असेल," म्हणतो. बाकीचं सेनापती स्वतःच रचतो.

एकदा सेनापती आपलं वाक्य विसरला आणि घाबरून म्हणाला, "जाऊ द्या काय? काय पाहिलंस ते सांग." कारभाऱ्याकडे पुढे सांगण्यासारखं काही नव्हतंच. दोघं एकमेकांकडे बघत उभे, भाऊ विंगेत जिवंत. पडदा पाडावा लागला. भाऊ मेल्याशिवाय उठणार नाही म्हणून प्रेक्षकांनी ठाण मांडलं.

हे कपटीच्या डोक्यात राहिलं.

रोलरमध्ये हात जाऊ नये म्हणून जाळी बसवा, एवढीच आमची मागणी. एका बाईची बोटं गेल्यावरही मालकाला ती पटली नव्हती. त्याची बोटं शाबूत आहेत. काम बंद करायचं ठरलं. पुढारीपण लाँड्रीतल्या दोन बहिणींपैकी थोरलीकडे, आणि संपाच्या समितीत तिचा उजवा हात म्हणजे धाकटी. आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर थोरलीजवळ येऊन हळहळला. धाकटीला मालकाच्या खोलीतून बाहेर पडताना पाहिलं म्हणाला, हातात काहीतरी होतं... जाऊ द्या, बहिणी-बहिणींत मी कशाला पडू. थोरली उठली ती सरळ धाकटीकडे गेली आणि आजपासून समितीत पाऊल ठेवू नकोस म्हणाली. कारण सांगितलं नाही. धाकटीने विचारलं नाही. नाकावरचा राग दोघींना एकाच आईकडून आलेला.

कपटी शेजारीच चादरीची घडी घालत होता. त्याने चादर खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर सुपरवायझरला थांबवलं.

"साहेब, वाक्य पुरं करा."

"कसलं वाक्य?"

"धाकटीच्या हातात काय होतं?"

"मला काय माहीत? कपडे असतील."

"मालकाच्या खोलीतले पडदे होते. त्या मशीनमध्ये फिरतायत. ते काढून आणायला तिला कोणी पाठवलं?"

सुपरवायझरने घड्याळ पाहिलं. सुट्टी संपायला वेळ होता, तरी त्याने भोंगा वाजवला.

"मी या कामाची तालीम करून येतो, साहेब," कपटी म्हणाला. "तुम्ही तालमीशिवायच उभे राहिलात."

काम बंद झालं, जाळी बसली. कपटीची बदली मळक्या कपड्यांच्या खोलीत झाली. खलनायकाला शोभते म्हणतो. धाकटी मात्र अजून बोलत नाही. थोरलीने माफी मागितली, तर म्हणाली, त्याने अर्धंच सांगितलं होतं, उरलेलं तुझं होतं.

रविवारी पुन्हा नाटक आहे. धाकटी येते म्हणालेली नाही, येत नाही असंही म्हणालेली नाही. पहिल्या रांगेत थोरलीशेजारची खुर्ची रिकामी दिसेल. तिथे बसू नका.